प्रायॉन-रोगांचें संशोधन आणि त्यासाठीं अनुदान मागण्याची रीत

आमच्या संघाच्या कित्येक सभासदांचीं मुलें आतां मुंबई-पुण्याच्या विद्यालयांत जीवशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकत आहेत. त्यांच्या बोलण्यांत 'अमुक संशोधनासाठीं अनुदानाचा अर्ज केला आहे' असे शब्द वारंवार येतात, आणि वडील मंडळींस साहजिकच प्रश्न पडतो कीं, हा अर्ज म्हणजे काय, तो कोणाकडे करावयाचा, आणि जो रोग आपल्या गोठ्यांत कोणी कधीं पाहिला नाहीं त्याच्यासाठीं पैसा कोण देणार? शेवटचा प्रश्न खोंचक असला तरी रास्त आहे. प्रायॉन-रोग हें त्याचें उत्तम उदाहरण असल्यामुळें त्याच्याच आधारें ही रीत येथें सांगण्याचें योजिलें आहे. या कामांत शेतकऱ्याचा गोठा हा प्रयोगशाळेइतकाच आवश्यक आहे, हें ओघानें वाचकांच्या लक्षांत येईलच.

प्रायॉन म्हणजे काय, हें आधीं पाहूं. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत हे रोग जंतूंपासून किंवा विषाणूंपासून होतात. त्यांच्याविरुद्ध रक्तांत प्रतिकारद्रव्यें उत्पन्न होतात. म्हणून लस टोंचतां येते व रक्त तपासून निदानही करतां येतें. प्रायॉन हा या अर्थानें जंतुच नव्हे. तें एक प्रथिन आहे, आणि तेंही परकें नव्हे; गाय, मेंढी, माणूस यांच्या मेंदूंत तें जन्मापासून निरुपद्रवी रूपांत असतें. प्रथिन म्हणजे एका लांब सुताची ठराविक घडी. ही घडी एकदां चुकली कीं चुकलेलें प्रथिन शेजारच्या नीट घडीच्या प्रथिनासही आपल्यासारखें करून सोडतें. विरजणाची उपमा सुचते, पण विरजणांत सजीव जंतु असतात. त्यापेक्षां खडीसाखरेची उपमा अधिक बरोबर. पाकांत सोडलेल्या दोऱ्यावर पहिला खडा धरला कीं बाकीची साखर त्याच आकारानें त्यावर जमूं लागते, तसेंच हें आहे. मेंदूंत अशा बिघडलेल्या प्रथिनाचे थर साचतात, पेशी मरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो.

यामुळें या रोगावर उतारा नाहीं, आणि जिवंत गाईचें रक्त तपासून निदान करण्याची खात्रीची रीतही नाहीं. जनावर मेल्यावर मेंदूच तपासावा लागतो. नुसत्या उकळल्यानें हें द्रव्य नष्ट होत नाहीं. उपकरणें शुद्ध करण्यास १३४ अंश सेंटिग्रेडची दाबाची वाफ १८ मिनिटें द्यावी लागते, किंवा तीं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत बुडवून ठेवावीं लागतात. फॉर्मॅलिन इतर जंतूंचा नाश करतें, पण याला तें उलट अधिक चिवट बनवितें. शिवाय गाईच्या शरीरांत रोगाचा शिरकाव झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सरासरी चार-पांच वर्षें जातात. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें अनुदानाच्या मुदतीचा विचार करतांना त्याचें काम पडेल.

इंग्लंडांत मेंढ्यांचा 'स्क्रेपी' नांवाचा रोग अठराव्या शतकापासून ठाऊक होता. मेंढी अंग खांबास घांशीत राही, लोंकर झडे आणि शेवटीं पाय लटपटून ती मरे. शेंदोनशें वर्षें तो मेंढपाळाचा खासगी तोटा समजला गेला. पुढें १९८६ च्या नोव्हेंबरांत त्याच तऱ्हेचा बिघाड गाईंच्या मेंदूंत ओळखला गेला. कारण शोधतां असें दिसलें कीं, मेलेल्या जनावरांचें मांस व हाडें शिजवून केलेली भुकटी दुभत्या गाईंच्या खाद्यांत मिसळली जात होती. १९८८ मध्यें ती बंद केली; परंतु विष आधींच पोटांत गेलेलें असल्यामुळें १९९२ या एका सालांत ३७,००० वर गाई रोगी निघाल्या, आणि एकंदर आंकडा १,८०,००० च्या वर गेला. १९९६ च्या मार्चांत तेथील सरकारास कबूल करावें लागलें कीं, हा रोग माणसांसही झाला असावा. पुढें ब्रिटनमध्यें त्या रोगानें १७८ माणसें दगावलीं. रोगाची धास्ती किती असते याचें दुसरें उदाहरण कानडाचें आहे. तेथें २००३ च्या मे महिन्यांत एक, अक्षरशः एक, गाय रोगी निघाली आणि अनेक देशांनीं कानडाच्या गोमांसास व गुरांस आपले दरवाजे बंद केले.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांतील गाई-म्हशींत हा रोग आढळल्याची नोंद नाहीं. मेंढ्यांतील स्क्रेपीची मात्र आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या कुमाऊं भागांतील मेंढ्यांत तो सांपडल्याचें झ्लॉट्निक व कटियार यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलें. माणसांतील क्रॉइट्झफेल्ट-याकोब नांवाचा रोग जगांत सर्वत्र, दर दहा लाख वस्तींत वर्षास एक-दोन माणसें, या मानानें आढळतो, आणि आपल्याकडील रोग्यांची नोंद बंगळूरची निम्हान्स संस्था ठेवीत आली आहे.

अशा नोंदीचें महत्त्व २००५ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं अॅलन व नॅन्सी कोल्चेस्टर यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत असा तर्क मांडला कीं, इंग्लंडनें खतासाठीं व पशुखाद्यासाठीं हिंदी उपखंडांतून जीं हाडें नेलीं, त्यांत नद्यांत सोडलेल्या प्रेतांचीं हाडें मिसळलीं असावीं व गाईंचा रोग त्यांतून उद्भवला असावा. निम्हान्सचे शंकर व सतीशचंद्र यांनीं त्यास त्याच पत्रांत उत्तर देऊन पुरावा अपुरा असल्याचें दाखविलें, आणि तो तर्क आजवर सिद्ध झालेला नाहीं. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, देशावर असा आळ आला असतां नुसत्या संतापानें भागत नाहीं; हातांत वर्षानुवर्षांची मोजदाद असावी लागते, आणि ती मोजदाद कोणींतरी पूर्वींच पैसा खर्चून ठेवलेली असावी लागते.

२०१० सालीं जागतिक पशुआरोग्य संघटनेनें भारतास या रोगाच्या बाबतींत 'नगण्य धोक्याचा देश' असें मानलें. आपल्याकडे गुरांस पेंढा, गवत, कोंडा, पेंड घालण्याची चाल आहे, हाडांची भुकटी चारण्याची नाहीं. हें आपलें मोठेंच भाग्य. तयार पशुखाद्य विकत घेण्याची प्रथा वाढल्यामुळें २०१९ सालीं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंही दुधाच्या व मांसाच्या जनावरांस गाय-डुकरांच्या मांस-हाडांची भुकटी असलेलें खाद्य घालूं नये असा निर्बंध केला. परंतु हा दर्जा केवळ चालीरीतींवर मिळत नाहीं. पाहणी करून, मेंदू तपासून, 'शोधला, पण सांपडला नाहीं' असें दाखवावें लागतें. 'शोधलाच नाहीं' आणि 'सांपडला नाहीं' या दोन वाक्यांतील अंतर भरून काढण्यासाठींच संशोधनाचा पैसा लागतो.

हा पैसा देणाऱ्या संस्था एका प्रकारच्या नाहींत, आणि चुकीच्या दारीं गेलेला चांगला अर्जही परत येतो. माणसांच्या रोगांसाठीं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद. जनावरांसाठीं भारतीय कृषि अनुसंधान परिषद व तिचा राष्ट्रीय कृषि विज्ञान निधि. प्रथिनें, चाचण्या वगैरेंसाठीं केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग. आणि मूलभूत विज्ञानासाठीं २०२३ च्या कायद्यानें स्थापन झालेलें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. अमेरिकेंत रोग्यांच्या कुटुंबांनीं मिळून चालविलेली एक संस्थाही लहान अनुदानें देते. पण परदेशचा पैसा घेणें झाल्यास येथील सरकारच्या परवानग्या निराळ्या लागतात. अर्ज सामान्यतः एखाद्या मान्य संस्थेंतील कायम नोकरीच्या संशोधकानें, संस्थाप्रमुखाच्या संमतीनें करावयाचा असतो. शेतकऱ्यास किंवा शेतकरी संघास स्वतःच्या नांवें तो बहुधा करतां येत नाहीं. सहकारी म्हणून मात्र सामील होतां येतें.

अर्ज आल्यावर तो त्या विषयाच्या जाणत्या लोकांकडे मतासाठीं जातो, नंतर समिति अर्जदारास बोलावून प्रश्न विचारते. तगाईच्या अर्जांत जमीन किती, पूर्वींची बाकी किती, पैसा कशाला, हें विचारीत असत. येथेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें तारण म्हणून जमीन नसते, प्रश्न असतो.

तेव्हां प्रश्न कसा असावा, हें उदाहरणानें पाहूं. अशी कल्पना करूं कीं, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील एका अध्यापकास या विषयावर काम करावयाचें आहे, आणि त्याला पनवेल, उरण, कर्जत या बाजूचीं जनावरें घ्यावयाचीं आहेत. (हें महाविद्यालय १८८६ पासूनचें आहे, येथें मात्र उदाहरण सर्वस्वीं कल्पित समजावें.) त्यानें 'भारतांत प्रायॉन-रोग आहे कीं नाहीं याचा अभ्यास' असें लिहिलें तर अर्ज पहिल्याच वाचनांत बाजूस पडेल, कारण त्याला अंत नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटि म्हशी होत्या. त्याऐवजीं त्यानें असें विचारावें: 'रायगड जिल्ह्यांत चार वर्षांवरील ज्या गाई-बैलांस मज्जाविकाराचीं लक्षणें होऊन मरण आलें, व ज्यांच्या मेंदूंत पिसाळरोग नसल्याचें ठरलें, त्यांच्या मेंदूंत प्रायॉन सांपडतो काय?' आपल्याकडे लटपटणारें, लाळ गाळणारें, अंगावर धांवून येणारें जनावर बहुतेक वेळां पिसाळलेलेंच असतें. म्हणून जो मेंदू पिसाळरोगासाठीं काढलाच पाहिजे त्याचाच दुसरा भाग या चाचणीस लावतां येतो, आणि खर्च निम्म्यावर येतो. समितीस असा विचार पटतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एकही रोगी जनावर न सांपडल्यास त्याचा अर्थ काय, हें अर्जांतच सांगितलें पाहिजे. गणितशास्त्राचा एक सोपा आडाखा आहे: जितके नमुने तपासले त्या संख्येनें तीनास भागावें, रोगाचें प्रमाण शेंकडा ९५ खात्रीनें त्याहून कमी समजावें. ३०० मेंदू तपासून कांहीं निघालें नाहीं, तर त्या प्रकारच्या जनावरांत रोग शंभरांत एकाहून कमी, एवढेंच सिद्ध होतें. जागतिक संघटनेच्या २०२३ पूर्वींच्या नियमांत नगण्य धोक्याच्या देशाच्या पाहणीसाठीं पन्नास हजार प्रौढ जनावरांत एक असलेलाही रोग सांपडावा, अशी कसोटी होती. सरसकट निरोगी जनावरें घेतलीं तर त्यासाठीं दीड लाख मेंदू लागतील! म्हणूनच लक्षणें झालेलें एक जनावर शेंकडों धडधाकट जनावरांहून मोलाचें ठरतें. जो अर्जदार हा आडाखा प्रामाणिकपणें मांडतो त्याचा अर्ज लहान दिसला तरी वजनदार होतो. आणि जो 'संपूर्ण राज्य रोगमुक्त असल्याचें सिद्ध करूं' असें लिहितो, त्याला जाणता परीक्षक तेथेंच थांबवितो.

तिसरी गोष्ट, मेंदू आणावयाचे कोठून? इंग्लंडांत ते खाटिकखान्यांतूनही मिळाले. महाराष्ट्रांत गाईंच्या हत्येस १९७६ च्या कायद्यानें व बैलांच्या हत्येस २०१५ च्या दुरुस्तीनें मनाई आहे. खाटिकखान्यांत जातात त्या म्हशी व रेडे. म्हणजे म्हातारी गाय किंवा बैल मरावयाचा तो मालकाच्या गोठ्यांत, नाहीं तर पांजरपोळांत. तो मेल्याबरोबर पुरला जातो, आणि कोंकणच्या उकाड्यांत कांहीं तासांतच मेंदू सडूं लागतो. तेव्हां अर्जांत शेतकरी संघाचें, गोशाळेचें व तालुक्याच्या पशुवैद्यकाचें संमतिपत्र जोडलेलें नसेल तर बाकीची सर्व तजवीज कागदावर राहते. पैसा मंजूर होऊनही नमुन्यांअभावीं संशोधन फसावें, यासारखा दुर्दैवाचा प्रकार नाहीं.

खर्चाच्या पानावर पगार हाच मोठा आंकडा असतो. २०२३ च्या जानेवारीपासून केंद्र सरकारच्या दरानें कनिष्ठ संशोधन छात्रास दरमहा ३७,००० रुपये व पुढें वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षें पहिल्या व एक वर्ष दुसऱ्या दरानें धरल्यास तीन वर्षांत एका छात्राचेच १३,९२,००० रुपये होतात, घरभाडें निराळें. त्यावर चाचणीचें सामान, शीतपेटी, प्रवास, जळणभट्टी. भोंवतालच्या सुरक्षिततेची परवानगी देणारी संस्थेची समिति, प्राण्यांवर प्रयोग असल्यास त्याची समिति, माणसांचे नमुने असल्यास नीति-समिति, या सर्वांचीं पत्रें लागतात. संशयित नमुना भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविण्याची सोय आधींच ठरलेली असावी. साध्या प्रयोगशाळेंत असला मेंदू हाताळूं, असें लिहिणाऱ्यास अनुदान न मिळालेलेंच बरें.

आतां मुदतीची अडचण. अनुदान बहुधा तीन वर्षांचें असतें आणि रोग चार-पांच वर्षें दडून राहतो. गाईस रोग टोंचून वाट पाहण्याचा प्रयोग तीन वर्षांत बसत नाहीं. म्हणून संशोधकांनीं निरनिराळ्या वाटा काढल्या. एक वाट अशी कीं, रोगी मेंदू न घेतां निरुपद्रवी जंतूंकडून हेंच प्रथिन तयार करवून घ्यावें व त्याची घडी कशी चुकते हें कांचेच्या नळींत पाहावें. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत, पुढें पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झालेले डॉ. जयंत उदगांवकर व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या प्रायॉन-प्रथिनावर असें काम केलें आहे. यास संसर्गाची भीति जवळजवळ नसते. दुसरी वाट चाचणीची: अशाच तयार प्रथिनांत संशयित नमुन्याचा अंश टाकून यंत्रांत हलवीत ठेवल्यास, रोग असेल तर कांहीं दिवसांतच सगळें प्रथिन बिघडूं लागतें. आर-टी-क्विक नांवाच्या या रीतीनें माणसांतील निदान पुष्कळ सुलभ झालें आहे. अर्जदारानें आपल्या प्रश्नास यांतली कोणती वाट पुरते हें ठरवूनच मुदत लिहावी.

उत्तम अर्जदारासही निराशा चुकत नाहीं. 'प्रायॉन' हा शब्द १९८२ सालीं प्रचारांत आणणारे अमेरिकेचे स्टॅन्ली प्रुसिनर हे स्क्रेपीचें मूळ एखादा लहान विषाणु असेल या समजुतीनें कामास लागले. प्रयोग मात्र वारंवार प्रथिनाकडेच बोट दाखवूं लागले. याच सुमारास त्यांना पैसा पुरविणाऱ्या हॉवर्ड ह्यूज संस्थेनें अनुदान पुढें न चालविण्याचें कळविलें, आणि विद्यापीठानेंही कायम नेमणूक नाकारली. ती पुढें बदलून मिळाली. त्यांचा बहुतेक खर्च सरकारी आरोग्यसंस्थेनेंच चालविला, पण हजारों उंदीर व हॅम्स्टर पाळण्याचा बोजा आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखूच्या कंपनीच्या व फेअरचाइल्ड निधीच्या पैशानें उचलला गेला. १९९७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना स्क्रेपीचे पहिले धडे देणाऱ्यांत विल्यम हॅड्लो हे एक पशुवैद्यक होते; न्यू गिनीच्या 'कुरू' या मानवी रोगाचें व मेंढ्यांच्या स्क्रेपीचें साम्य १९५९ सालीं त्यांनींच प्रथम दाखविलें. मेंढ्यांचा रोग म्हणून ज्याच्याकडे फारसें कोणी पाहत नव्हतें, त्याचा अभ्यास आधींपासून चालू नसता तर १९८६ सालीं इंग्रज पशुवैद्यकांस गाईचा मेंदू पाहून हा काय प्रकार आहे हें ओळखतांही आलें नसतें.

मुदतीच्या बाबतींत आपल्या पनवेलकरांस घरचें उदाहरण आहे. येथील खारभूमि संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या 'पनवेल' नांवाच्या भाताच्या जाती काढल्या, त्या कांहीं एका हंगामांत निघाल्या नाहींत. भाताचें पीक दरवर्षीं डोळ्यांस दिसतें म्हणून तेथें आपण धीर धरतों. न सांपडणाऱ्या रोगाच्या शोधांत दिसण्याजोगें पीक नसतें, आणि त्यामुळेंच धीर व पैसा दोन्ही लवकर आटतात. आमच्या मतें अशा कामास तीन-तीन वर्षांच्या तुटक अनुदानांपेक्षां थोडी पण कायमची रक्कम अधिक उपयोगी पडेल. नोंदवही मध्येंच बंद पडली तर आधींचीं पानेंही निम्मीं निकामी होतात.

आतां गोठ्यापुरतें सांगावयाचें तें असें. प्रौढ गाय किंवा बैल विनाकारण दचकूं लागला, स्पर्श सहन होईना, मागचे पाय लटपटूं लागले, चारा खाऊनही खंगत चालला, तर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावें. अनुसूचित सांसर्गिक रोगाचा संशय आल्यास वर्दी देणें हें २००९ च्या केंद्रीय कायद्यानें मालकाचें कर्तव्यच आहे. लाळ गळते म्हणून घशांत कांहीं अडकलें असावें, अशा समजुतीनें पुष्कळ लोक जनावराच्या तोंडांत हात घालतात. तें कदापि करूं नये, कारण तें जनावर पिसाळलेलें असूं शकतें. हात घातलाच असेल तर साबणानें पुष्कळ वेळ धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. जनावर मेल्यास पशुवैद्यक येईपर्यंत तें सावलींत ठेवावें; डोकें स्वतः फोडूं नये. जाणता मनुष्य कवटी न फोडतां मानेकडील छिद्रांतून लांब चमच्यानें मेंदूचा देठ काढून घेतो, आणि बाकीचें शरीर नेहमीप्रमाणें खोल पुरतां येतें.

एखादा संशोधक संघाकडे संमतिपत्र मागावयास आला तर तें देण्यापूर्वीं अर्जाची प्रत मागून घ्यावी. जनावराच्या मालकाचें नांव छापलें जाणार कीं नाहीं, जनावर संशयित ठरल्यास गोठ्यांतील इतर गुरांचें काय करणार व त्याची भरपाई कोण देणार, हें लेखी विचारावें. प्रत्येक नमुन्याचा क्रमांक मालकास मिळावा व निकाल किती दिवसांत कळवावयाचा ती मुदत अर्जांतच घातलेली असावी. खर्चाच्या पानावर त्या टपालाची रक्कम धरली आहे कीं नाहीं, तेंही पाहून घ्यावें.